जित्याची खोड

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दिवशी आमच्या जावईबापूंनी माझ्या हातात एक काळी पेटी ठेवली, आणि त्या पेटीतून निघालेल्या चतकोर कागदावरून मी कसा पुरुष आहे हे मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी प्रथमच कळले. वास्तविक दिवाळसणाच्या व्यवहारात देणे सासऱ्याकडे आणि घेणे जावयाकडे, अशी वाटणी आमच्या समाजाने फार पूर्वीपासून करून ठेवलेली आहे. परंतु हल्लीचे जावई सुस्वभावी निपजू लागल्यामुळे त्या वाटणीत गोंधळ माजला असून सासऱ्यांनाही बसल्या जागी भेटी स्वीकाराव्या लागतात. पेटीत काळसर काचेची एक जड बाटली होती. तिच्यावर बाटलीहूनही भारदस्त असे लाकडी झाकण होते. लिंबाएवढे, गोल, हाताला गुळगुळीत लागणारे.

"बाबा, हा वुडी आहे, म्हणजे लाकडाच्या वासाचा," जावईबापू म्हणाले. "खास पुरुषांसाठी."

मी बाटली नाकाशी नेली, योग्य तितका वेळ डोळे मिटले आणि "वा!" म्हटले. जावयाने दिलेल्या वस्तूची याहून अधिक चिकित्सा त्याच्यासमक्ष करणे शिष्टसंमत नाही.

तो कागद मात्र मी रात्री चष्मा लावून सावकाश वाचला. तेहतीस वर्षे मी महसूल खात्यात काढली, त्यांतली शेवटची अकरा अव्वल कारकून म्हणून. त्यामुळे कोणताही छापील मजकूर कलमवार वाचण्याची, आणि वाचताना मनातल्या मनात समासात शेरे मारण्याची सवय मला जडली आहे. मजकूर येणेप्रमाणे होता: हा गंध धारण करणारा पुरुष मितभाषी असतो, गर्दीपासून दूर, अरण्यात, तो स्वतःची वाट स्वतः काढतो, त्याची मुळे जमिनीत खोल गेलेली असून दृष्टी शिखरावर असते, तो निर्णय घेतो आणि घेतलेला निर्णय फिरवीत नाही, आणि तो खोलीतून निघून गेल्यानंतरही त्याचे अस्तित्व मागे रेंगाळत राहते. आमच्या खात्यात माणसाचे व्यक्तिमत्त्व दरसाल मार्चअखेर गोपनीय अहवालात नोंदले जात असे. नऊ साहेबांनी माझे एकंदर तेहतीस अहवाल लिहिले, आणि परस्परांशी कसलाही पत्रव्यवहार नसताना त्या सर्वांचे एकमत झाले ते एवढ्यावरच की, "कामात नियमित. प्रकृतीने शांत. पुढाकार बेताचा." ज्याला सरकार तेहतीस वर्षांत बेताचा समजले त्याला एका परदेशी कारखान्याने न पाहताच अरण्यातला पुरुष ठरवावे, याने कोणाचाही ऊर भरून येईल.

तरीही शेरे सुचलेच. मितभाषित्व माझ्या ठिकाणी आहे, परंतु ते दातांची नवी कवळी बसवल्यापासूनचे. निर्णय घेणे हे अव्वल कारकुनाचे कामच नव्हे. त्याने टिपण लिहायचे आणि खाली "आदेशार्थ सादर" म्हणून ते पुढे सरकवायचे. खोलीतून निघून गेल्यावर माझे जे काही मागे रेंगाळते ती छत्री असते, आणि तिच्यासाठी मला परत जावे लागते.

मुळात पुरुषाला लाकडाची उपमा दिल्याने त्याचा गौरव होतो ही कल्पनाच आमच्या भाषेला अपरिचित आहे. मराठीत लाकडाशी ज्याची तुलना झाली त्याची अब्रू गेलीच म्हणून समजावे. दुपारी जेवून आडवा झालेला मनुष्य हा ओंडका. ज्याला सांगितलेले कळत नाही तो ठोकळा. म्हातारपण आले की त्याचे वठलेले झाड होते. आणि घराचे दिवस फिरले की पहिल्याने फिरतात ते वासे. झाडाचे ते खोड आणि माणसाची ती खोड, यांत सर्वनामाचा फरक आहे खरा, परंतु चिवटपणा दोहोंचा एकच. असे असताना या कागदावरचे पुरुषोत्तम ओंडक्यांच्या आणि ठोकळ्यांच्या जातीचे असूनही इतके रुबाबदार कसे, हा प्रश्न मला पडला आणि पुढले दोन महिने पुरला.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. मी अत्तराच्या फायाच्या पिढीतला. दिवाळीत कानाच्या पाळीत हिन्याचा फाया खोचला की माणूस दिवसभर सुगंधी समजला जाई, आणि तो तसा आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी लोकांना त्याच्या कानाशी यावे लागे, ज्यामुळे कुणाला जवळ येऊ द्यायचे हा अधिकार निदान कानाच्या मालकाकडे राही. या बाटलीच्या सूचनापत्रात मात्र, जिथे जिथे नाडी लागते तिथे तिथे फवारा मारावा असे लिहिले होते. मी वैद्यबुवांना स्मरून दोन्ही मनगटे आणि गळा असे तीन फवारे मारले. चौथा नेम चुकून भिंतीवरच्या पंचांगाला लागला. स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा आवाज आला, "अहो, पेन्सिलीला टोक कोण काढतंय?"

संध्याकाळी देवळामागच्या कट्ट्यावर गेलो. तिथे आम्ही सात-आठ निवृत्त मंडळी रोज जमतो आणि देशाच्या कारभारावर एकमताने असमाधान व्यक्त करतो. निवृत्त मुख्याध्यापकांनी दोनदा इकडेतिकडे पाहून विचारले, "घरी पॉलिश काढलंत वाटतं? बरं केलंत, दिवाळीच्या आधी काढायला हवं होतं." बँकेत हयात गेलेल्या गृहस्थांना शिंका सुरू झाल्या आणि सातव्या शिंकेला ते उठून पलीकडच्या बाकावर गेले. मला स्वतःला मात्र या सर्व अवधीत कसलाच वास येत नव्हता, कारण मनुष्याचे नाक फार थोड्या वेळात आपल्याच वासाला सरावते आणि त्याची दखल घेणे सोडून देते. ज्याने तो लावला त्यालाच तो प्रथम जाणवेनासा होतो. या दृष्टीने पाहता व्यक्तिमत्त्व ही अशी एक मिळकत आहे की, जिचा सातबारा आपल्या नावावर आणि वहिवाट सर्वस्वी दुसऱ्यांची.

कागदाच्या पाठीमागे घटकांची फेरिस्त होती: चंदन, वाळा, सीडर आणि ऊद. निवृत्त कारकुनाच्या हाती फेरिस्त पडली की तिची तहकिकात केल्यावाचून तो राहत नाही, आणि त्याच्यापाशी वेळेचाही तोटा नसतो. नगरवाचनालयातून पुस्तके आणली, नातवाला त्याच्या यंत्रावर शोध घ्यायला बसवले, आणि महिनाभरात चारही आसामींचे पूर्वचारित्र्य तपासून काढले. ते समाधानकारक नाही, हे आरंभीच नमूद करतो.

चंदनापुरते बोलायचे तर पुरुषाने लाकडाचा वास अंगावर धारण करण्याची चाल आपल्याकडे पॅरिसच्या पुष्कळ आधीची आहे. मराठीत नाकाला येतो तोही गंध आणि कपाळाला लावतात तेही गंध. माझे आजोबा रोज सकाळी सोवळे नेसून सहाणेपुढे बसत, पाण्याचे चार थेंब शिंपडून चंदनाचे खोड उगाळीत, आणि त्या घसघशीच्या तालावर त्यांचे स्तोत्र चाले. एखाद्या दिवशी खोड निसटून ताल चुकला की स्तोत्रही तिथल्या तिथे अडे, व पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. ते गंध कपाळावर आडवे ओढले आहे की उभे, यावरून मनुष्याचा पंथ, घराणे, आणि मंडळाच्या वर्गणीला तो काय उत्तर देईल, हे शंभर पावलांवरून सांगता येत असे. (वारकऱ्यांचे गोपीचंदन हे तर चंदनही नव्हे, ती पिवळसर माती. परंतु तिने जे व्यक्तिमत्त्व सूचित होते त्याच्या पासंगाला माझी बाटली लागणार नाही.) टिपू सुलतानाने 1792 साली चंदनाला राजवृक्ष ठरवून त्यावर सरकारी मालकी बसवली, आणि मागाहून आलेल्या राजवटींनी टिपूचे पुष्कळ काही मोडून काढले तरी हा एक हुकूम दीर्घकाळ मोडला नाही, हे महसूल खात्यातल्या माणसाला सांगायला नको. पुढे 1914 च्या महायुद्धाने म्हैसूरच्या चंदनाचा युरोपचा रस्ता बंद झाला, तेव्हा लाकूड परदेशी धाडण्याऐवजी त्याचे तेल इथेच काढण्याचा कारखाना त्या संस्थानाने 1916 साली उभारला. त्या वेळचे दिवाण विश्वेश्वरय्या. ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेले, आणि खडकवासल्याच्या धरणाला आपोआप उघडणारे दरवाजे बसवणारे. तेव्हा म्हैसूरच्या चंदनालाही पुण्याचेच पाणी आहे असे पुणेकर म्हणतील. आम्ही सातारकर त्यांना म्हणू देतो.

आमच्या राज्यातही 1964 च्या कायद्याने चंदनाचे झाड, ते आपल्या परसात आपण होऊन उगवलेले असले तरी, परवानगीवाचून तोडता येत नाही. असल्या कागदांशी नोकरीत माझा थोडाबहुत संबंध आला; झाडाशी कधी आला नाही, कारण अर्ज निकालात निघण्यापूर्वीच झाड चोरीस गेल्याची वर्दी येई आणि प्रकरण दप्तरदाखल होई.

परंतु चंदनाची खरी कैफियत निराळीच आहे. आपल्या वाङ्मयात, आणि विशेषेकरून शोकसभांत, चंदन म्हणजे मूर्तिमंत त्याग. समाजासाठी चंदनासारखे झिजले, हे वाक्य ज्याच्याविषयी उच्चारले गेले नाही असा एकही संस्थाचालक आमच्या तालुक्यात मृत्यू पावल्याचे मला स्मरत नाही. आणि वनस्पतिशास्त्राचे म्हणणे असे की, चंदनाचे झाड अर्धे परोपजीवी आहे. त्याच्या मुळांना बारीक शोषकांगे फुटतात, ती जमिनीखालून शेजारच्या झाडाच्या मुळांत शिरतात आणि त्याचे पाणी व क्षार गुपचूप आपल्याकडे ओढून घेतात. वरची पाने स्वतःच्या हिमतीवर हिरवीगार असल्यामुळे खाली काय चालले आहे याची येणाऱ्याजाणाऱ्याला शंकाही येत नाही. रोपवाटिकेतसुद्धा चंदनाच्या रोपाशेजारी तुरीचे रोप लावण्याची वहिवाट आहे. शेजारी कुणी शोषून घेण्याजोगे नसेल तर चंदन बाळसे धरीत नाही. हे वाचल्यापासून शोकसभेतली ती उपमा मला अतिशयोक्त वाटेनाशी झाली. इतकी वर्षे वक्ते अलंकार योजीत आहेत असे मी समजत होतो. ते वस्तुस्थिती निवेदन करीत होते. ज्या एका थोर दिवंगताच्या सभेत मी मागल्या रांगेत उभा होतो त्यांच्या शेजारी वाढलेली तुरीची दोन-तीन रोपे मला व्यक्तिशः माहीत आहेत. ती अजून सावरलेली नाहीत.

आणखी एक. उभ्या चंदनाला वास नसतो. पानांना नाही, फुलांना नाही, सालीलाही नाही. दहाएक वर्षांनंतर आत गाभा धरू लागतो आणि जो काही सुगंध तो त्या गाभ्यात. झाड आडवे करून वरचे पांढरे लाकूड तासून टाकल्याशिवाय तो बाहेरच्या जगाला ठाऊक होत नाही. माणसाची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि चंदनाचे खोड मेल्याशिवाय येत नाही. कागदावरच्या वर्णनाशी, म्हणजे गर्दीपासून दूर अरण्यात स्वतःची वाट काढणारा आणि ज्याच्याभोवती चंदनाचा दरवळ आहे अशा पुरुषाशी, तंतोतंत जुळणारा गृहस्थ आमच्या हयातीत एकच होऊन गेला. तो चंदनतस्कर वीरप्पन. 2004 साली तो पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला; त्याच्या मिशा अजून लोकांच्या ध्यानात आहेत, वासाविषयी कोणी काही नोंदवलेले नाही.

दुसरी आसामी वाळा. काष्ठगंधांच्या दरबारात वाळ्याला मानाची खुर्ची असून, पॅरिसच्या कार्व्हेन, जिव्हाँशी, गेर्लाँ यांसारख्या घराण्यांनी पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून नुसत्या वाळ्याच्या नावावर पुरुषांच्या बाटल्या काढल्या. आता वाळा हे गवत आहे. लाकूड त्याच्या सात पिढ्यांत नाही. गवताची मुळे खणून, धुऊन, ऊर्ध्वपातनाने त्यांचे तेल काढायचे आणि त्याला काष्ठाचा दर्जा द्यायचा, याला आमच्या खात्यात खोटा दाखला म्हणतात. वाळ्याची जुडी आमच्या माठात असते, वाळ्याचे सरबत चैत्रात पाहुण्यांना देतात. आणि माझ्या उमेदवारीच्या काळी उन्हाळ्यात साहेबांच्या खोलीच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावीत. त्यांवर दर अर्ध्या तासाने बालदीतून पाणी मारण्यासाठी एक शिपाई नेमलेला असे. गारवा आत साहेबांना मिळे. बाहेर शिपायाचा सदरा पोटापर्यंत भिजे आणि त्याला तो मातकट, गंभीर वास दिवसभर येत राही, ज्याचे पैसे पॅरिसमध्ये पडतात. आम्ही पाच-सहा कारकून जेवणाच्या सुट्टीत त्या शिपायाशेजारी बसण्यासाठी धडपडत असू. मितभाषी तो होताच, कारण बोलण्याची त्याला मुभा नव्हती.

सीडर म्हणजे आपला देवदार असे मी धरून चाललो होतो. देवदार खरोखरीच त्या कुळातला. परंतु सुगंधाच्या पेठेत सीडर म्हणून जे पुष्कळदा खपते ते व्हर्जिनियाचे झाड मुळी सीडरच नसून ज्युनिपर आहे, आणि त्याचे लाकूड पूर्वी पेन्सिली करण्यासाठी तोडले जाई. चांगल्या विलायती पेन्सिलीला टोक काढताना जो सुवास येई तो त्याचाच. तेव्हा सौभाग्यवतींच्या नाकाने दिलेला निकाल वस्तुस्थितीला धरून होता, आणि तेहतीस वर्षे पेन्सिली तासताना हे सगळे व्यक्तिमत्त्व माझ्या बाह्यांवर चकटफू पडत होते. जाता जाता हेही सांगतो की, 1992 साली शिसेदो या जपानी कंपनीने सीडरच्याच वासाचे अत्तर स्त्रियांसाठी काढले आणि त्याचे नावच फ्रेंचमध्ये 'लाकडाचे स्त्रीत्व' अशा अर्थाचे ठेवले. लाकूड तेच. पेटीवरचा शब्द तेवढा बदलला.

राहता राहिला ऊद. हा आपण गुरुवारी निखाऱ्यावर टाकतो तो ऊद नव्हे. हा अरबांचा ऊद, आपला अगरू, ज्याच्या नावाने अगरबत्ती ओळखली जाते आणि जो अगरबत्तीत बहुधा नसतो. आसामात होणाऱ्या या झाडाचे निरोगी लाकूड फिकट, हलके आणि निर्गंध. किडीने भोक पाडले, बुरशी आत शिरली, झाड आजारी पडले, म्हणजे स्वतःच्या बचावासाठी ते एक काळपट राळ निर्माण करते, आणि तीच सोन्याच्या तोलाने विकली जाते. जगातील सर्वांत महागडे पौरुष म्हणजे एका झाडाचे दुखणे आहे. 2002 मध्ये इव्ह सँ लोराँने ते पुरुषांच्या बाटलीत आणले, आणि आता आमच्याकडचे जमीनजुमल्याचे दलालही त्याचा वास लावून मोजणीला हजर राहतात असे ऐकतो. मोजणीच्या वादात एखाद्याचे दुखणे लागतेच.

अशी ही चौकशी चालली असता एक शोध मात्र असा लागला की मराठी माणसाने छाती फुगवावी. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंध तयार करण्यावर स्वतंत्र अध्याय असून, सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर 1820 प्रकार होतात असे गणित त्याने मांडले आहे. ज्योतिष्याने एवढा हिशेब बरोबर केल्याचे पाहून मला कृतकृत्य वाटले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात आपल्या मानसोल्लासात राजाच्या उपभोगांत गंधाला स्वतंत्र स्थान दिले. परंतु याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्यूरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी सुगंधशास्त्रावरची जी जुनी हस्तलिखिते उजेडात आणली त्यांत गंधवाद नावाचा एक ग्रंथ आहे, आणि त्या संस्कृत ग्रंथावर मराठी टीका आहे. म्हणजे द्रव्ये कुणी आणली, अर्क कुणी काढले, अंगाला कुणी लावले हे देव जाणे. त्यावर टीका मात्र आम्ही केली. शतकानुशतके टिकलेला वंशाचा हा गुण पाहून माझे डोळे पाणावले.

हा वृत्तांत मी कट्ट्यावर सादर केला असता तर वाद वाढला असता. म्हणून तो घरीच सुताराला सांगितला. मार्गशीर्षात आमच्याकडे सुतारकाम निघाले होते. मागल्या दाराची चौकट पावसाने फुगली होती आणि माझ्या लिहिण्याच्या टेबलाच्या तिन्ही खणांच्या मुठी निखळून हरवल्या होत्या. खण उघडायचा तर फटीत पट्टी घालून तो ओढावा लागे. सुतार साठीचे, बारीक चणीचे, पलीकडच्या गावाहून सायकलीवर येणारे. त्यांचे बोलणे कमी. रंधा मारताना तर ते श्वासही हिशेबाने घेतात. कागदावरचे वर्णन डोळ्यांपुढे असल्यामुळे मी त्यांच्याकडे निराळ्या आदराने पाहू लागलो होतो. चहा झाल्यावर बाटली आणली आणि त्यांच्या मनगटावर एक फवारा मारला.

त्यांनी मनगट नाकाशी नेले, लांब धरले, पुन्हा जवळ आणले. मग धोतराच्या सोग्याला दुसरा हात पुसून पायाशी पडलेली सागाची ढलपी उचलली, ती हुंगली, पुन्हा मनगट हुंगले.

"अण्णा, ह्यात लाकूड न्हाय," ते म्हणाले.

"नाही कसे? कागदावर चार लिहिलीत."

"सागाला तेलकट वास येतो. शिसवीला गोडूस. बाभळीला तुरट. ह्यो समद्या लाकडांचा येतोय आन् एकाचाबी न्हाय."

हे उद्गार ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण नातवाने शोधून दिलेल्या कागदांत नेमके हेच, पाच पाने खर्चून, लिहिले होते. 1973 च्या सुमारास अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत आयसो ई सुपर या नावाचे एक द्रव्य तयार झाले. त्याला सीडरसारखा, मखमली, लाकडाचा म्हणावा असा वास येतो, लाकूड मात्र त्याला लागलेले नसते, आणि आजच्या पुष्कळ काष्ठगंधांचा डोलारा त्यावर उभा आहे. 2006 साली तर गेझा शॉन या बर्लिनच्या सुगंधकाराने नुसते तेच एक द्रव्य अल्कोहोलात घालून बाटलीबंद विकले, आणि ते तुफान खपले. काही नाकांना या द्रव्याचा वास मुळीच येत नाही. काहींना येतो, जातो, आणि पुन्हा येतो. पैसे मोजलेली वस्तू आपल्यापाशी आहे खरी, पण जाणवत नाही, ही अवस्था महागाईभत्त्याच्या बाबतीत आम्ही आयुष्यभर अनुभवली; तिचा कुणी सुगंध करील असे वाटले नव्हते.

"तुम्ही स्वतः काय लावता?" मी सुतारांना विचारले.

ते प्रथमच हसले. घरी गेल्यावर, ते म्हणाले, मालकीण दारातच सदरा काढून झटकायला लावते, आणि भुसा अंगावर घेऊन उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही असा तिचा दंडक आहे. अंघोळीनंतरसुद्धा ती एकदा हुंगून खात्री करून घेते. बाजाराच्या दिवशी मात्र ते मोगऱ्याचे अत्तर लावतात. "चाळीस वर्सं लाकडाचा वास मारतोय अंगाला, अण्णा. एक दिवस तरी माणसाचा यावा."

एवढे बोलून त्यांनी बाटली परत देण्यासाठी उचलली आणि त्यांचा हात झाकणावर थांबला. अंगठ्याच्या नखाने त्यांनी ते ठोकून पाहिले, कानाशी धरून पुन्हा ठोकले, उजेडात फिरवून त्याच्या रेघा न्याहाळल्या, आणि बाटलीच्या उरलेल्या भागाकडे पाहिलेसुद्धा नाही. "ह्ये मातर लाकूड हाय," ते म्हणाले, "आन् कातलंय झ्याक." मग त्यांची दृष्टी टेबलाच्या मूठ नसलेल्या खणांकडे गेली. मीही तिकडेच पाहत होतो. मी "घ्या" असे स्पष्ट शब्दांत म्हटल्याचे मला आठवत नाही. परंतु "आदेशार्थ सादर" असा प्रकार डोळ्यांनीही होऊ शकतो. त्यांनी पटाशीच्या टोकाने झाकणातले पत्र्याचे अस्तर उचकटून काढले, पोकळीत सागाची खुंटी ठोकून बसवली, गिरमिटाने भोक पाडले, आणि आतून मळसूत्र पिळून ते झाकण वरच्या खणाला घट्ट बसवून दिले. खण नुसत्या दोन बोटांनी उघडू लागला. असा रुबाब त्या टेबलाला माझ्या उभ्या नोकरीत आला नव्हता.

संक्रांतीला जावईबापू तिळगूळ द्यायला आले. खिडकीत उघडी बाटली दिसली. तीतले द्रव्य, बूच नसल्यामुळे म्हणा किंवा जात्याच उडाऊ असल्यामुळे म्हणा, बरेच खाली गेले होते. बाबा इतक्या वारंवार लावतात की झाकण ठेवण्याचीही त्यांना फुरसत होत नाही, असा त्यांचा समज झाला, आणि त्यांना इतका आनंद झाला की तो मोडणे मला प्रशस्त वाटले नाही. पुढल्या आठवड्यात टपालाने दुसरी काळी पेटी आली. सुतारांना निरोप धाडला. मधला खणही आता उत्तम उघडतो. तिसऱ्याला अजून पट्टी लागते, पण गुढीपाडवा काही फार लांब नाही.